वकिलाची चढण

“उड्या काय, कुणीही शिकवील. घोड्यात दम भरायचं काम आमचं,” असं मास्तर येईल त्याला ऐकवत असत, आणि ऐकणाऱ्याला ते पटत असे, कारण एकतीस वर्षं मास्तर सांगत आले ते खरंच निघत आलं होतं. कोवळी शिंगरं आणायची, दोन-तीन वर्षं त्यांना चालवायचं, पळवायचं, अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धांसाठी तयार करायचं आणि चांगल्या माणसाला विकायचं, हा त्यांचा धंदा. घेणारे लांबलांबून येत. घोड्याचे दात बघत, पाय चाचपत, आणि शेवटी मास्तरांकडे वळून विचारत, “घेऊ का?” मास्तर “घ्या” म्हणाले तर घेत, “हा तुमच्यासाठी नाही” म्हणाले तर चहा पिऊन परत जात. कागदपत्रं वगैरे नंतर. त्या तबेल्याला दारावर पाटी नव्हती, मास्तरांचा शब्द तेवढा होता.

तो शब्द आता लेकीच्या हवाली करायचा होता. मास्तरांचं वय अठ्ठावन्न, गुडघ्यांचं त्याहून वीसेक वर्षं जास्त. कंबर अशी की या कुशीवर वळलं की ठणके आणि त्या कुशीवर वळलं की कळ मारी. दिवसाला पाच घोड्यांवर बसायचं आणि अंथरुणावर पडलं की छताकडे बघत राहायचं, असं वर्षभर चाललं होतं. लेक सव्वीस वर्षांची, उड्या शिकवण्यात बापाच्या वरताण. पण गिऱ्हाइकासमोर ती तोंड उघडत नसे. तबेल्याचा रिवाजच होता तो, शब्द एकाच तोंडातून निघायचा. मास्तरांनी ठरवलं होतं, एक शेवटचा घोडा असा विकायचा की नाव निघालं पाहिजे, आणि मग ते नाव जसंच्या तसं पोरीच्या हातात ठेवून आपण पाठ टेकायची.

शेवटचा घोडा म्हणून त्यांनी वकील निवडला. पाच वर्षांचा तांबडा, उंच, देखणा, उडी मारायला लागला की बघत राहावं असा. नाव वकील पडलं ते त्याच्या स्वभावामुळे. कुठलीही नवी गोष्ट दिसली की हा जागच्या जागी थांबून हरकत घेई. बादली रोजच्या जागेवरून हलली, हरकत. कुणी छत्री उघडली, हरकत. स्वतःची सावली डावीकडून उजवीकडे गेली तरी त्याला आधी खुलासा हवा असे.

“याला चढण द्यायची,” मास्तरांनी जाहीर केलं. “रोज सकाळी दीड तास, सावकाश. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत वर आणि परत. चालून चालून पाय भरतात, छाती भरते, डोकं थंड होतं. आठ महिन्यांत बघा.”

आणि सुरू झालं. सकाळी साडेसहाला मास्तर खोगीर चढवून तबेल्याच्या फाटकातून बाहेर पडत. आठ वाजता बायको दाण्याच्या बादल्या खडखडवी, आणि त्या खडखडाटावर घड्याळ लावावं इतक्या वेळेवर वकील फाटकात हजर होई. मास्तर उतरत, लगाम लेकीच्या हातात देत आणि म्हणत, “घे, पाणी दाखव त्याला.” मग भिंतीवरच्या वहीत लिहीत, ‘चढण, दीड तास, उत्तम.’

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात लेक म्हणाली, “बाबा, हा सातव्या अडथळ्याला धापा टाकतो.”

“दम साठतोय. साठताना असं होतं.”

तिसऱ्या महिन्यात तो पाचव्या अडथळ्याला धापा टाकायला लागला. मास्तरांनी विचार केला आणि चढण दीडाची दोन तास केली. आता ते सहा वाजता निघू लागले. बायको म्हणाली, एवढं काम करतोय बिचारा, खंगेल, आणि तिने त्याचे ओट वाढवले. महिनाभरात खोगिराचा पट्टा दोन भोकं सैल करावा लागला.

“छाती रुंद झाली,” मास्तर म्हणाले.

“बाबा, ही छाती नाही. हे पोट आहे.”

“तू उड्यांचं बघ. दमातलं तुला कळत नाही.”

मग घोड्यांचे डॉक्टर आले. त्यांनी रक्त काढलं, डोळे बघितले, फासळ्यांवर नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. “मास्तर, इतकं शांत हृदय मी कामाच्या घोड्यात कधी ऐकलं नाही,” ते म्हणाले. “विश्रांतीत ठेवलेल्या घोड्याचं असतं तसं.”

मास्तरांनी लेकीकडे असं पाहिलं, की ऐकलंस ना. डॉक्टरांनी जाताना गवत बदलायला सांगितलं. गवत बदललं. नवं गवत वकिलाला फार आवडलं, आणि पट्टा आणखी एक भोक सैल झाला.

आता खरी गोष्ट सांगून टाकतो, कारण ती वकील सोडून कुणालाच ठाऊक नव्हती, मास्तरांनासुद्धा. फाटकातून निघालं की रस्ता दोनशे पावलं सपाट जातो, जुन्या पंपघराच्या पडक्या भिंतीमागे वळतो आणि तिथून चढाला लागतो. वळणावर एक मोठं झाड आहे, खाली हिरवं गवत. सरळ चालणाऱ्या घोड्याची पाठ पाळण्यासारखी हलते, सकाळची हवा गार असते, आणि अख्खी रात्र ठणकत्या कमरेनं जागून काढलेली. मास्तर त्या दोनशे पावलांतच झोपून जात. लगाम सैल झाला, वरचा माणूस गप्प झाला, म्हणजे काम संपलं, असा वकिलाने अर्थ काढला, आणि त्यात त्याची काही चूक होती असं म्हणता येणार नाही. तो झाडाखाली थांबे. गवत खाई. डुलकी काढी. आठला बादल्या खडखडल्या की सावकाश वळून घरी येई आणि फाटक करकरलं की मास्तरांचे डोळे उघडत. चढण कशी निघून जाते कळत नाही, असं ते कौतुकाने सांगत. नुकतीच झोप झालेली असल्यामुळे त्या वेळी त्यांचा चेहराही टवटवीत दिसे, आणि डोंगरातल्या हवेचा हा गुण आहे असं बायकोला वाटे.

अशा रीतीने आठ महिने झाले आणि गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाईक म्हणजे घोडेस्वारी शिकवणारी एक बाई, स्पर्धेतले स्वार तयार करणारी. कमी बोलणारी आणि कुणावर विश्वास न ठेवणारी. तिने वकिलाला तीन उड्या मारताना पाहिलं. तीनपर्यंत वकिलासारखा घोडा नव्हता.

“दम?” तिने विचारलं.

“आठ महिने रोज चढण,” मास्तर म्हणाले. “आता तर दोन-दोन तास. पुढच्या महिन्यात स्पर्धेत उतरवा, चौदा अडथळ्यांची फेरी हसत करील. माझा शब्द.”

लेकीने बापाकडे पाहिलं.

“तुमचा शब्द आहे म्हणून घेते,” बाई म्हणाली. “फक्त आठवडाभर हा पट्टा लावा. मी सगळ्यांनाच लावायला सांगते.” तिने पिशवीतून एक काळा पट्टा काढला. खोगिराखाली बांधायचा. घोडा किती चालला, किती चढला, हृदयाचे ठोके किती पडले, सगळं तिच्या फोनवर दिसणार होतं.

एकतीस वर्षांत मास्तरांच्या शब्दाला कुणी पट्टा लावला नव्हता. ते रागाने लाल झाले, पण म्हणाले, “लावा. दोन लावा.”

आठवड्याने फोन आला. मास्तरांनी स्पीकर लावला, लेकीला आणि बायकोला ऐकू जावं म्हणून.

“सोमवार,” बाई वाचू लागली. “वेळ, दोन तास. अंतर, तीनशे मीटर, जाऊन येऊन.”

“किलोमीटर असेल,” मास्तर म्हणाले.

“घोडा तीनशे किलोमीटर चालला तर मी दुसरा पट्टा घेईन. मंगळवार, दोन तास, तीनशे मीटर. बुधवार, दोन तास पाच मिनिटं, तीनशे दहा मीटर. चढ, शून्य. मास्तर, तुमचा घोडा चालत नाहीये.”

“यंत्र बिघडलंय.”

“तुमच्याकडे आणण्याआधी मी ते माझ्या घोड्याला लावून बघितलं होतं.”

“मग तुमचा घोडा बिघडलाय,” मास्तर म्हणाले, आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते निघायला नको होतं. “उद्या सकाळी या. टेकडीवर टाकीपाशी उभ्या राहा. माझा घोडा तुमच्यासमोर वर आला नाही, तर यापुढं या तबेल्यातला एकही घोडा माझ्या शब्दावर घेऊ नका. सगळ्यांना सांगा तसं.”

फोन ठेवला. लेक भांडी विसळायला उठली आणि एकच ताट बराच वेळ विसळत राहिली. बापाचं नाव तिला मिळणार होतं म्हणून ती चार वर्षं कुठे दुसरीकडे नोकरीला गेली नव्हती. आणि त्याच नावावर बापाने एका वाक्यात पैज लावली होती.

मास्तर त्या रात्री अजिबात झोपले नाहीत. रोज तासभर तरी डोळा लागे, तोही लागला नाही.

सकाळी बाई गाडी घेऊन आली. पाच तास गाडी चालवून आली होती, डोळे चुरचुरत होते तिचे. मास्तर घोड्यावर ताठ बसून तिच्यासमोरून फाटकाबाहेर पडले. बायको, लेक आणि बाई गाडीने मागच्या रस्त्याने टाकीवर गेल्या आणि उभ्या राहिल्या. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. रस्त्यावर एक शेळीसुद्धा दिसेना.

“सावकाश चढवतात ते,” बायको म्हणाली.

“इतकं?” बाईने विचारलं.

तासाभराने लेकीला राहवलं नाही. ती पायवाटेने उताराला लागली आणि मागून दोघी. लेक सुरुवातीला चालत होती, मग तिच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. घोड्याने हरकत घेतली असेल, बाबा पडले असतील, कमरेवर पडले असतील, आणि आपण वर उभ्या राहून घड्याळ बघत बसलो. ती पळत सुटली. पंपघराच्या भिंतीला वळसा घातला आणि तिचे पाय थांबले.

झाडाखाली वकील उभा होता. वर मास्तर, पुढे वाकलेले, हनुवटी छातीवर, हात घोड्याच्या आयाळीत. हलत नव्हते.

“बाबा,” ती म्हणाली. जवळ जाऊन तिने हात वर करून त्यांच्या नाकाशी धरला. मास्तर घोरले. लेक घोड्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली आणि पदार्थ करपल्यावर हसावं की रडावं न कळणाऱ्या माणसासारखी स्वतःशीच मान हलवत राहिली.

तेवढ्यात बाकीच्या दोघी आल्या. बाईने मास्तरांकडे पाहिलं नाही. तिने जमीन पाहिली. झाडाखाली गवताचा एक वर्तुळाकार तुकडा मुळापर्यंत खाल्लेला होता, जणू कुणी रोज बसून कातरलाय. आणि वर्तुळाच्या मागच्या कडेला लीद होती. थर होते तिचे. तळाची वाळून माती झालेली, वरची ताजी.

“हे आठवड्याचं काम नाही,” बाई म्हणाली.

“नाही,” लेक म्हणाली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात बाईचा फोन कर्कश वाजला. लेकीने झटकन लगामाकडे हात नेला, कारण फोन म्हणजे वकिलाची ठरलेली हरकत. वकिलाने एक कान वळवला. पाय उचलला नाही. वर माणूस झोपलाय आणि तो पडता कामा नये, हे एवढं एकच काम आठ महिन्यांत तो शिकला होता आणि ते त्याला चोख येत होतं.

“उठवते मी,” लेक म्हणाली.

बायकोने तिचा हात धरला. “राहू दे. रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालत होते. मला वाटायचं सकाळी हवेनं बरं वाटतं यांना.” तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी ती एवढी चिडलेली होती की डोळे पुसायलाही तयार नव्हती.

बाई एका दगडावर बसली. पाच तासांच्या प्रवासाने तिलाही जांभई आली. तिघी बसून राहिल्या, आणि झाडाखाली एक माणूस आणि एक घोडा आपापली झोप काढत राहिले.

आठ वाजले. बादल्या खडखडल्या नाहीत, कारण बादल्या खडखडवणारी बायकोच झाडाखाली बसली होती. वकिलाने दोन मिनिटं वाट पाहिली. मग त्याने मान वर केली आणि मोठ्याने खिंकाळून तक्रार केली.

मास्तरांनी डोळे उघडले. चेहरा अगदी टवटवीत. लेक समोर दिसताच त्यांनी लगाम तिच्या हातात दिला. “घे, पाणी दाखव त्याला,” ते म्हणाले, आणि बाईकडे वळून, “झाली ना चढण? आता पटलं?”

मास्तरांनी फाटक शोधलं. फाटक नव्हतं. झाड होतं. त्यांनी खाली गवत पाहिलं, मग मागे वळून लीद पाहिली, आणि लीद ते बराच वेळ बघत राहिले. एकतीस वर्षं घोडे वाचणारा माणूस. त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

“किती दिवस?” त्यांनी लेकीला विचारलं.

“सगळेच, बाबा.”

मास्तर घोड्यावरच बसून होते. त्यांना वाटलं, उतरून बोलावं, पण पाय आखडले होते. “बाई,” ते वरूनच म्हणाले, “माझा शब्द परत घेतो. या घोड्याने चढण पाहिलेली नाही. मीही नाही. त्याच्यात पाच अडथळ्यांच्या पुढं दम नाही, आणि पोरगी ते मला सहा महिने सांगत होती.” लाज वाटली त्यांना, अंग चोरावंसं वाटलं, आणि एवढ्या उंचावर बसून अंग चोरता येत नाही.

“झोपलेल्या माणसाला दोन तास न पाडता सांभाळणारा घोडा मी आजवर पाहिला नाही,” बाई म्हणाली. लेकीला क्षणभर आशा वाटली. “पण मला तो नको. मला उड्या मारणारा हवा. तयार व्हायला किती दिवस लागतील?”

“दोन महिने,” मास्तर म्हणाले. सवयीने.

“पाच,” लेक म्हणाली.

मास्तरांनी खाली पाहिलं. गिऱ्हाइकासमोर ती पहिल्यांदा बोलली होती.

“दोन म्हणतायत ते,” बाई म्हणाली.

“दोन महिन्यांत नुसतं पोट उतरेल. मग दम. पाच लागतील, आणि वर मी बसेन. त्याआधी आलात तर चहा देईन, घोडा दाखवणार नाही. आणि त्याला गर्दीची सवय नाही, स्पर्धेत पहिल्या दोन वेळा तो थांबणार. ते चालत नसेल तर दुसरीकडे बघा.”

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग ती उठली, वकिलाच्या पोटाखाली हात घालून तिने तो काळा पट्टा सोडला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

“पाच महिन्यांनी येते,” ती लेकीला म्हणाली. “याची गरज नाही आता.” आणि गाडी आणायला टेकडी चढू लागली.

मास्तर बघत राहिले. एकतीस वर्षं जे त्यांचं होतं ते त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याकडे गेलं होतं, आणि जाताना त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पण गेलं ते जिथे जायला हवं होतं तिथेच, हेही त्यांना कळत होतं. त्यांना मोठ्याने रडावंसं वाटलं आणि आणखी थोडं झोपावंसंही वाटलं.

“चार महिन्यांत होईल,” ते पुटपुटले.

“बाबा, उतरा.”

उतरणं सोपं नव्हतं. लेकीने एक पाय धरला, बायकोने कंबर धरली, आणि गोणी उतरवावी तसे मास्तर जमिनीवर आले. तेवढा वेळ वकील दगडासारखा उभा होता. मग लेकीने रिकिबीत पाय घातला, वर बसली आणि त्याला चढाकडे वळवलं. वकिलाने साहजिकच हरकत घेतली. ती फेटाळली गेली. दोन मिनिटांनी तो आयुष्यात पहिल्यांदा चढावर दिसला, धापा टाकत.

खाली नवराबायको उरली. फाटक भिंतीपलीकडेच होतं, दीडशे मीटरवर, सपाट.

“चालवेल ना तिथपर्यंत?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी “हो” म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.

“नाही,” ते म्हणाले. “बसू या जरा.”